फॉरमॅट मारू काय?

गेल्या शनिवारी इथे काही लिहिलं नाही. त्या दिवशी मी मालवणच्या बाजारपेठेत, चुलत भावाच्या दुकानात, झेरॉक्स मशीनला पाठ टेकून एक फाइल शोधत बसलो होतो. फाइल जेमतेम पाऊण एमबीची. ती मिळाली, कामही झालं, पण डोक्यातला राग काही उतरला नाही. तो आज इथे काढणार आहे. आधीच सांगून ठेवतो, हा राग बराचसा आपल्यावरच आहे. म्हणजे तुमच्या-माझ्यासारख्या, पुण्या-बंगळूरला एसीत बसून सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या मंडळींवर. ज्यांना वीकएंड खराब करायचा नाहीये त्यांनी इथूनच परत फिरावं :-)

तर झालं असं. भावाचं दुकान म्हणजे झेरॉक्स, लॅमिनेशन, पासपोर्ट फोटो आणि मराठी डीटीपी. काकांनी सुरू केलं, आता तो बघतो. लग्नपत्रिका, बारशाची आमंत्रणं, दशावताराची हँडबिलं, होमस्टेचे बोर्ड, सोसायटीच्या सभेच्या नोटिसा... आजूबाजूच्या चार गावांचं छापील आयुष्य त्या एका कॉम्प्युटरमधून जातं. आणि आंगणेवाडीच्या भराडी देवीची जत्रा जवळ आली की सीझन. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, या जत्रेची तारीख पंचांगात ठरलेली नसते. देवीचा कौल घेतात आणि मग ती जाहीर होते. ती कळली की मुंबईतले चाकरमानी कोकण रेल्वेच्या तिकिटांवर तुटून पडतात, आणि इकडे भावाच्या दुकानात बॅनर, स्वागताचे फलक, खाजगी बसवाल्यांच्या जाहिराती यांची रांग लागते. यंदा तारीख जाहीर झाली आणि तिसऱ्याच दिवशी सकाळी भावाचं मराठी डीटीपीचं सॉफ्टवेअर उघडेना.

स्क्रीनवर एक छोटी चौकट. एमएसव्हीसीआर१००.डीएलएल सापडली नाही म्हणून पुढे जाता येत नाही. प्रोग्रॅम पुन्हा इन्स्टॉल केल्यास अडचण दूर होऊ शकेल. खाली एकच बटण, ओके. (काय ओके? असो.)

भावाने नेहमीच्या कॉम्प्युटरवाल्याला त्या चौकटीचा फोटो पाठवला. तिकडून पाच मिनिटांत निकाल आला: विंडोज करप्ट झालंय, फॉरमॅट मारावं लागेल, पाचशे रुपये, संध्याकाळी येतो. मी त्या आठवड्यात आचऱ्याला घरूनच काम करत होतो. भावाचा फोन आला. "अरे, तो फॉरमॅट मारूक व्हयो म्हणता. मारू काय?"

मी जेवणाच्या ताटावरून ओरडलो, "हात लावू नको!"

का ओरडलो ते समजायला त्या कॉम्प्युटरमध्ये काय आहे हे कळायला हवं. २००४ पासूनच्या फायली आहेत. एकाच घरातल्या तीन बहिणींच्या पत्रिका, देवस्थानांचे जमाखर्च, शाळेच्या सुवर्णमहोत्सवाची स्मरणिका, कुणाकुणाच्या आजोबांवर लिहिलेल्या पुस्तिका. हे सगळं जुन्या पद्धतीच्या मराठी फॉन्टमध्ये आहे. जुन्या पद्धतीच्या म्हणजे काय, तर या फॉन्टमध्ये कॉम्प्युटरच्या दृष्टीने मराठी नसतंच. इंग्रजी अक्षरांच्या जागांवर देवनागरीची चित्रं बसवलेली असतात. फॉन्ट असेल तर 'चि. सौ. कां.' दिसतं. फॉन्ट काढून घेतला की त्याच ओळीत रोमन अक्षरं, चौकोन आणि टिंबं यांची भेळ. शिवाय प्रत्येक कंपनीची चित्रांची मांडणी निराळी, त्यामुळे एकीच्या फायली दुसरीच्या फॉन्टमध्ये उघडत नाहीत. फॉन्ट त्या सॉफ्टवेअरबरोबर, सॉफ्टवेअरचं लायसन्स त्या मशीनशी बांधलेलं, आणि नवा कोड देणारी कंपनी? तिचा बिलावरचा फोन नंबर आता अस्तित्वात नाही. म्हणजे फॉरमॅट मारला असता तर फायली बॅकअपमध्ये राहिल्या असत्या, पण त्या वाचता आल्या नसत्या. वीस वर्षांची भेळ.

दुपारी मी मालवणात पोचलो. काका गल्ल्यावर, भाऊ रडवेला, आणि चौकट बदललेली! आता डीएलएल सापडत नाही अशी तक्रार नव्हती. आता म्हणे ॲप्लिकेशन नीट सुरू होऊ शकलं नाही, आणि पुढे कंसात एक कोड: शून्य, एक्स, सी, पाच शून्यं, सात, बी. मी भावाकडे बघितलं. त्याने व्हिडिओ बघून 'स्वतःच थोडंसं' केलं होतं. डीएलएल फुकट देणाऱ्या कुठल्याशा साइटवरून ती फाइल उतरवली, सॉफ्टवेअरच्या फोल्डरात टाकली, आणि व्हिडिओतला बाबा म्हणाला म्हणून तिच्यावर रेगएसव्हीआर३२ ही कमांडही चालवून बघितली. ती कमांड चालणारच नव्हती. ज्या डीएलएल स्वतःची नोंद विंडोजकडे करू शकतात त्यांच्यासाठीच ती असते, आणि ही त्यातली नाही. पण अशा व्हिडिओंत ती हळदीसारखी सगळ्यात पडते.

आता जे वाचक प्रोग्रॅमर नाहीत त्यांच्यासाठी, ही डीएलएल म्हणजे काय प्रकार आहे? आमच्या गावात लग्नाची मोठी भांडी घरोघरी नसायची. ती देवळात ठेवलेली असायची. ज्याच्या घरी कार्य त्याने न्यायची, घासून परत ठेवायची. प्रोग्रॅमना लागणारी रोजची कामं, म्हणजे मेमरी मागणं, फाइल उघडणं, अक्षरं जोडणं, यांची भांडी अशीच सामायिक फायलींत ठेवतात. प्रोग्रॅम सुरू होताना त्या आणतो. कल्पना कंजुषीची होती आणि तेव्हा बरोबरच होती. विंडोज ९५ ला किमान चार एमबी रॅम पुरेल असं सांगितलं जायचं. तेवढ्यात प्रत्येकाने आपापलं पातेलं आणलं असतं तर उभं राहायला जागा उरली नसती.

मग व्हायचं ते झालं. कोणीतरी मोठं पातेलं नेऊन त्याच नावाचं लहान पातेलं परत ठेवलं. नवा प्रोग्रॅम टाकला की जुना बंद, कारण दोघांना एकाच नावाच्या फाइलची वेगळी आवृत्ती हवी. याला तेव्हा 'डीएलएल हेल' म्हणत. विंडोज २००० मध्ये सिस्टिमच्या फायली परस्पर बदलू न देण्याची सोय आली, एक्सपीत एकाच लायब्ररीच्या अनेक आवृत्त्या शेजारी शेजारी ठेवण्याची. भांडण मिटलं म्हणतात. भांडी मात्र अजून देवळातच आहेत.

दुकानात परत येऊ. पहिली चौकट म्हणत होती फाइल नाही. दुसरी म्हणते सुरूच होता येत नाही. हा कोड बहुतेक वेळा एकच गोष्ट सांगतो: ३२ बिटी प्रोग्रॅमच्या गळ्यात ६४ बिटी लायब्ररी मारली आहे (किंवा उलट). तपासायची गावठी युक्ती आहे. डीएलएलची प्रत घ्यायची, नोटपॅडमध्ये उघडायची, कचऱ्यात अगदी वरच्या बाजूला 'पीई' ही दोन इंग्रजी अक्षरं शोधायची. त्यांच्या थोडं पुढे 'एल' दिसलं तर ३२, 'डी' दिसलं तर ६४. भावाने उतरवलेल्या फाइलमध्ये 'डी'. डीटीपीचं सॉफ्टवेअर जुनं, ३२ बिटी. फाइल दुसऱ्या नावाने बाजूला काढली, आणि पहिली चौकट परत आली. नुकसानाच्या एक पायरी खाली उतरलो, एवढंच समाधान.

पण मूळ फाइल गेली कुठे? काल रात्रीपर्यंत सॉफ्टवेअर चालत होतं, म्हणजे ती होती. विंडोजमध्ये रिलायबिलिटी मॉनिटर नावाची एक झकास गोष्ट आहे. आपल्यातल्या निम्म्या लोकांनी ती उघडून पाहिलेली नाही, पैज लावतो. कॅलेंडरसारखा तक्ता असतो, कुठल्या दिवशी काय बिघडलं, काय टाकलं, काय काढलं याचा. आदल्या रात्रीच्या खान्यात चार नोंदी होत्या. व्हिज्युअल सी प्लस प्लस २००५, २००८, २०१०, २०१३ रिडिस्ट्रिब्युटेबल, चारही एक्स८६ म्हणजे ३२ बिटी, काढून टाकले.

"हे तू काढलंस?"

"सी ड्राइव्ह लाल झाल्लो. आणि ती सगळी डबल डबल होती. कॉम्प्युटर ६४ बिटचो आसा, मगे ३२ चां कित्याक ठेवचां?"

सांगा काय उत्तर देणार. त्याचं तर्कशास्त्र माझ्या टीममधल्या काही लोकांपेक्षा बरं आहे. यादीत एकाच नावाच्या आठ-दहा वस्तू दिसतात. कोणती कोणासाठी आहे याचा एक शब्द नाही. काढताना विंडोज विचारत नाही की बाबा, याच्यावर डीटीपीवाला उभा आहे, काढू का? जागा तरी किती वाचली? जत्रेच्या फोटोंच्या एका फोल्डरएवढीसुद्धा नाही. आणि फोल्डरांच्या नावांची गंमत तर विचारूच नका. ६४ बिटी विंडोजवर सिस्टिम३२ नावाच्या फोल्डरात ६४ बिटी लायब्ररी असतात आणि सिसवाव६४ नावाच्या फोल्डरात ३२ बिटी! जुने प्रोग्रॅम तुटू नयेत म्हणून हे असं आहे, कारण मला पाठ आहे. पण हे नाव वाचून चुकीच्या फोल्डरात फाइल टाकणाऱ्या माणसाला मी अडाणी म्हणणार नाही.

मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून २०१० चं ३२ बिटी रिडिस्ट्रिब्युटेबल उतरवलं. दहा एमबीसुद्धा नाही. टाकलं, आणि सॉफ्टवेअर उघडलं. पुन्हा तीच बाजूला काढलेली फाइल मुद्दाम परत आणून बघितली (खोड!), लगेच बंद. कारण प्रोग्रॅम आधी स्वतःच्या फोल्डरात शोधतो आणि मग सिस्टिमकडे जातो. म्हणजे भावाने ती ६४ बिटी फाइल तिथेच ठेवली असती तर योग्य रिडिस्ट्रिब्युटेबल टाकूनही काही उपयोग झाला नसता, आणि मग सगळ्यांनी एकमताने 'विंडोज करप्ट' म्हटलं असतं. त्या साइटवरची फाइल मी कायमची उडवली. तिच्यात आणखी काय होतं देव जाणे. डीएलएल ही काही नुसती माहिती नसते, ती प्रोग्रॅमच्या पोटात बसून त्याच्या सगळ्या अधिकारांनी चालते. रस्त्यात सापडलेली गोळी कोणी औषध म्हणून खाईल का?

माझा राग इथून सुरू होतो.

काकांनी कपाटातून त्या सॉफ्टवेअरची मूळ सीडी काढली. कव्हरला खारी हवा लागून डाग पडलेले, सीडी मात्र चालली. मी तिच्यातला सेटअप उघडून बघितला. रिडिस्ट्रिब्युटेबल त्यात नव्हतंच! एमएसव्हीसीआर१०० नाही, काही नाही. म्हणजे इतकी वर्षं हे सॉफ्टवेअर दुसऱ्या कोणीतरी आणलेल्या भांड्यात जेवत होतं. बहुधा स्कॅनरच्या सॉफ्टवेअरबरोबर ती लायब्ररी आली असावी. ज्याने हा प्रोग्रॅम लिहिला त्याच्या मशीनवर व्हिज्युअल स्टुडिओ होता, त्यामुळे लायब्ररी होतीच, त्यामुळे त्याच्याकडे सगळं चाललं, त्यामुळे त्याने ते विकलं.

आता त्या चौकटीतलं वाक्य पुन्हा वाचा. प्रोग्रॅम पुन्हा इन्स्टॉल केल्यास अडचण दूर होऊ शकेल. नसती झाली! सीडीत ती फाइलच नाही. आणि कॉम्प्युटरवाल्याचा पाचशे रुपयांचा इलाज? विंडोज नव्याने टाकलं तर त्याच्याबरोबरही एमएसव्हीसीआर१०० येत नाही. म्हणजे फॉरमॅट मारून, विंडोज टाकून, सीडी लावून, लायसन्स गमावून, फॉन्ट गमावून, दीड तासाने ते दोघे पुन्हा त्याच चौकटीसमोर बसले असते. आजारी माणसाचं घर पाडून नवं बांधायचं आणि त्याला पुन्हा त्याच खाटेवर निजवायचं.

आपल्याकडे 'फॉरमॅट मार' हा राष्ट्रीय इलाज आहे. कॉम्प्युटर हळू चालतो, फॉरमॅट. प्रिंटर दिसत नाही, फॉरमॅट. मी याला दुरुस्ती म्हणायला तयार नाही. बिघाड काय होता हे ज्याला शेवटपर्यंत कळलं नाही त्याने दुरुस्ती केली असं म्हणता येत नाही. आणि लायब्ररी लोड न होणं हा तर बिघाडांमधला सगळ्यात प्रामाणिक बिघाड. तो हरवलेल्या फाइलचं नाव सांगतो! डॉक्टरकडे जाऊन पेशंटने 'माझं डावं मूत्रपिंड सापडत नाही' असं म्हणावं, इतकं स्पष्ट. तरी आपण ते वाचायला तयार नाही.

पण थांबा. शिव्या त्या कॉम्प्युटरवाल्याला घालायच्या का? मीही आधी घातल्या, मनात. मग आठवलं. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ झालं तेव्हा याच माणसाने काकांचं मशीन वाचवलं होतं. दुकानात पाणी आलं होतं, लाइट कित्येक दिवस नव्हते. त्याने सगळं उघडलं, सुकवलं, एसएमपीएस बदलला, बोर्डावरचा हिरवा थर ब्रशने काढला, रॅमच्या पट्टीचे पाय खोडरबराने घासले आणि मशीन उभं केलं. समुद्राकाठच्या मशीनला काय होतं हे त्याला माझ्यापेक्षा शंभरपट जास्त कळतं. बीप ऐकून तो रॅम की डिस्प्ले ते सांगतो. म्हणजे निदान करायची अक्कल त्याच्याकडे भरपूर आहे. मग सॉफ्टवेअर आलं की हाच माणूस फॉरमॅटचा हातोडा का काढतो?

कारण हार्डवेअर त्याच्यासमोर उघडं पडतं. स्क्रू काढला की दिसतं. सॉफ्टवेअर आपण बंद ठेवलंय. आपण त्याला काय देतो? एक फाइलचं नाव, जे कुठल्याच मराठी किंवा इंग्रजी शब्दासारखं दिसत नाही, आणि एक ओके. ती फाइल कोणाची, कुठून आणायची, ३२ की ६४, का गेली, यातलं काही नाही. प्रोग्रॅमला हे सगळं माहीत असतं, निदान तो लिहिणाऱ्याला तरी. 'व्हिज्युअल सी प्लस प्लस २०१० चं ३२ बिटी रिडिस्ट्रिब्युटेबल टाका' एवढं एक वाक्य सीडीच्या कव्हरवर छापलं असतं तरी कुडाळ-मालवणातला कुठलाही कॉम्प्युटरवाला ते दहा मिनिटांत करून देता. त्याच्या बाजूने हिशेबही बघा. फॉरमॅटला दीड तास लागतो हे त्याला आधी माहीत असतं, भाव ठरलेला आहे. निदानाला दहा मिनिटंही लागतील किंवा अख्खा दिवस. खुर्चीत बसून नुसतं वाचणाऱ्या माणसाला पाचशे रुपये कोण देतो? काकांनी तर मलाही नाही दिले :-) बांगड्याचं तिखलं जेवायला घातलं.

तेव्हा चेंडू आपल्या अंगणात आहे. आणि आपण काय केलं ते बघा. आपल्याला स्वतःला हा त्रास झाला तेव्हा आपण तो चुटकीसरशी सोडवला. 'माझ्या मशीनवर चालतं' हे वाक्य टेस्टिंगवाल्यांकडून इतकं टोचून घेतलं की शेवटी मशीनच पाठवायला लागलो. २०१३ मध्ये डॉकर आलं आणि आता सर्व्हरवर जाणारा प्रत्येक चिमुकला प्रोग्रॅम आपल्या लायब्ररींचं अख्खं बिऱ्हाड पाठीवर घेऊन जातो. शेकडो एमबी? जाऊ दे, डिस्क स्वस्त आहे. हे सगळं कोणासाठी? ज्याच्या दिमतीला चोवीस तास ऑन कॉल इंजिनिअर बसलेले आहेत त्या सर्व्हरसाठी. आणि ज्याच्या मदतीला तालुक्यात एक माणूस आहे त्या दुकानदाराला पाऊण एमबीची फाइल द्यायला आपला हात आखडतो. उपाय अवघड होते म्हणाल तर तेही नाही. रिडिस्ट्रिब्युटेबल सेटअपमध्ये घालायची परवानगी आहे, नावातच आहे ते! नाहीतर डीएलएल प्रोग्रॅमच्या फोल्डरात ठेवायची. नाहीतर कंपाइल करताना एक पर्याय बदलून लायब्ररी प्रोग्रॅममध्येच मुरवून टाकायची. तिसऱ्या पर्यायात सुरक्षेच्या सुधारणा आपोआप मिळत नाहीत हे मला ठाऊक आहे, त्यावर वाद घालू. पण वाद घालायला प्रोग्रॅम आधी उघडला तर पाहिजे.

लिनक्सवाले मित्र एव्हाना गालात हसत असतील. हसू नका. 'शेअर्ड ऑब्जेक्ट फाइल उघडता येत नाही' हे वाक्य तुम्हीही शंभरदा पाहिलंय, आणि नव्या जीलिबसीवर बनवलेला प्रोग्रॅम जुन्या मशीनवर नेला की काय होतं तेही. एक कबूल करतो, तुमच्याकडे एलडीडी म्हटलं की कोणती लायब्ररी कुठून येते आणि कोणती सापडत नाही ते सरळ छापून येतं. अशी कमांड विंडोजवर नुसत्या विंडोजबरोबर मिळत नाही. डिपेंडन्सी वॉकर किंवा प्रोसेस मॉनिटर वेगळं उतरवावं लागतं, आणि ते वाचायला मी लागतो.

दुसरा आक्षेप मला ऑफिसातच एकाने ऐकवला. इतकं जुनं सॉफ्टवेअर ठेवायचंच कशाला? फेकून द्या, युनिकोडवर या. अहो, यायलाच हवं. देवनागरी युनिकोडच्या १९९१ च्या पहिल्या आवृत्तीपासून आहे, तीही आपल्याच १९८८ च्या इस्की प्रमाणावर बेतलेली. पण जुन्या फायली बदलायच्या तर आधी त्या उघडायला हव्यात ना? जुन्या फॉन्टमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या आधी साठवलेली असते, रफार नंतर. फॉन्टगणिक तक्ते वेगळे. कन्व्हर्टर आहेत, पण ते चालवल्यावर मूळ पान समोर ठेवून ताडून बघावं लागतं, नाहीतर स्मरणिकेतल्या देणगीदारांची आडनावं बदलतील आणि मालवणात राहणं मुश्किल होईल. म्हणजे जुनं सोडायचं असेल तरी जुनं चालू स्थितीत हवं. आणि युनिकोडच्या बाजूने बोलणाऱ्या आपण तरी फार ताठ चालू नये. एक्सपीच्या काळात मराठी वाचायला कंट्रोल पॅनेलमध्ये कॉम्प्लेक्स स्क्रिप्टची खूण करायला लागायची आणि तो विंडोजची सीडी मागायचा. तोवर प्रत्येक वेलांटी चुकीच्या खांद्यावर. त्या सगळ्यामागे होती यूएसपी१०.डीएलएल. तिची नवी आवृत्ती इकडून तिकडे कॉपी करून जोडाक्षरं सुधारणारे महाभाग मला आठवतात. त्यातला एक मीच. म्हणजे मराठी इंटरनेटवर आपण आलो तेच एका डीएलएलच्या कडेवर बसून.

फॉरमॅट कधीच करू नये असं मी म्हणत नाही. व्हायरसने घर केलं असेल तर करावं, बॅकअप तपासून. भावाचं मशीन विंडोज १० वर आहे आणि त्याचा सर्वसाधारण सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, तेव्हा ते फार काळ नेटला जोडून ठेवणं धोक्याचंच. त्यावर उपाय म्हणून मी हार्ड डिस्कची जशीच्या तशी इमेज काढून दोन ठिकाणी ठेवली, एमएसव्हीसीआर१०० ची योग्य प्रत सॉफ्टवेअरच्या फोल्डरात टाकली, रिडिस्ट्रिब्युटेबलच्या सेटअपची सीडी बनवून मूळ सीडीच्या कव्हरात घातली आणि वर मार्करने लिहिलं, 'आधी ही'. कॉम्प्युटरवाला संध्याकाळी आला. मी त्याला रिलायबिलिटी मॉनिटर दाखवला. तो दोन मिनिटं त्या तक्त्याकडे बघत राहिला आणि म्हणाला, "हे आधी कोणी सांगितलं नाही." मग त्याने तो त्याच्या मोबाइलमध्ये लिहून घेतला. ऑफिसात सीनिअर लोकांना हे दाखवलं असतं तर त्यांनी 'हो, माहीत होतं' म्हटलं असतं.

बॅनर रात्री साडेदहाला छापायला गेले. काका सगळा वेळ गल्ल्यावर बसून ऐकत होते. दुकान बंद करताना त्यांनी विचारलं, "ती फाइल सीडीत घालूक विसारलो तो कोण रे?"

म्हटलं, असेल कोणी माझ्यासारखाच.

"आणि तुमी हेचेच पैशे घेतात मां?"

सोमवारी लॉगिन केल्यावर आधी एक काम केलं. आमच्या प्रॉडक्टबरोबर ग्राहकाच्या मशीनवर टाकायचं एक छोटं टूल जातं. गेली तीन वर्षं जातंय. विंडोजच्या प्रो आवृत्तीत २०१९ पासून सँडबॉक्स नावाची सोय आहे, कोरं करकरीत विंडोज उघडतं आणि बंद केलं की सगळं पुसलं जातं. त्यात आमचा सेटअप टाकला आणि टूलवर डबल क्लिक केलं.

तीच चौकट. फक्त फाइलचं नाव वेगळं.

बग नोंदवला. दुपारी ट्रायाजमधून परत आला, 'प्रायॉरिटी लो, ग्राहकाला रीइन्स्टॉल करायला सांगावे.' मी तो पुन्हा उघडलाय. मंगळवारच्या मीटिंगला सँडबॉक्स घेऊन जाणार आहे.